कोरे सोडलेले नऊ प्रश्न

आमच्या मुरुडात काय आणि लातुरात काय, पोरगी पेपर देऊन बाहेर आली की तिला आधी पाणी देत नाहीत, आधी विचारतात, किती पडतील? मी दोन वर्षं लातूरला मेडिकलच्या क्लासला होते. दर रविवारी टेस्ट, आणि टेस्ट सुटली की गेटबाहेरच फोनवर उत्तरं उघडून टॅली. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला एक वजा. अप्पा, म्हणजे माझे वडील, किराणा दुकान आईवर टाकून एसटीनं यायचे आणि मला आत सोडताना दरवेळी एकच सांगायचे, डाऊट आला की सोड माय, मायनस खायचा न्हाई. मी सोडत गेले. इतकी सोडत गेले की शेवटी मेडिकलचा नंबरही हुकला.

मग भांडून नांदेडला बीएस्सी घेतली. भांडून म्हणजे खरंच भांडून, तीन दिवस ताटाला हात लावला नाही. अप्पा कबूल झाले, पण अट घातली: एक जरी विषय राहिला तर टीसी काढायचा आणि गप घरी यायचं. घरी येऊन काय करायचं तेही ठरलेलं होतं. उदगीरचं आमच्याच समाजातलं एक स्थळ होतं, कापडाचं दुकान, मुलगा एकुलता एक, आणि त्यांना लई घाई होती. मला त्या मुलाबद्दल काही वाईट म्हणायचं नाही. मी त्याला बघितलंच नव्हतं, आणि बघायचंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला फिजिकल केमिस्ट्री माझ्या मानगुटीवर बसली. कॉलेजच्या हातातले मार्क चाळीस, विद्यापीठाचा पेपर साठचा, दोन्ही मिळून चाळीस पडले की पास. पेपरला पंधरा दिवस राहिले असताना अप्पांचा फोन आला, आत्तापर्यंत कितीवर आहेस? मी हॉस्टेलच्या खाटेवर बसून वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. सेमिनारला दहापैकी तीन, कारण फळ्यासमोर माझी ततपप झाली. जर्नलला दहापैकी तीन, कारण दोनदा उशिरा दिलं, ती चूक माझीच. उरली वीस मार्कांची ऑब्जेक्टिव्ह टेस्ट, वीस प्रश्नांची. त्यातले अकरा लिहिले, आठ बरोबर, तीन चूक, नऊ कोरे. तीन चुकांचा पाऊण मार्क वजा करून मी अप्पांना प्रामाणिकपणे सांगितलं, सव्वातेरा.

माझी रूममेट धर्माबादची. तिनं हे ऐकलं आणि पोट धरून हसत सुटली.

"सव्वातेरा? अगं येडे, इथं मायनस नसतंय. नऊ कोरे कशाला ठेवलेस? टिक मारायची की कुठंबी."

मी हसले नाही. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. त्या नऊपैकी सहा तरी मला येत होते. थोडी शंका होती, एवढंच. कुणी काही न सांगता माझा हात पेनासकट मागं आला होता.

सव्वातेरा ऐकून अप्पा दुसऱ्या दिवशी नांदेडला हजर. खिशात टीसीचा अर्ज, घरूनच लिहून आणलेला, फक्त माझी सही बाकी. आधी विषयाच्या सरांना भेटू म्हणाले. सर तसे भले माणूस, कधी कुणावर ओरडत नाहीत. त्यांनी रजिस्टर बघून चौदा सांगितले आणि शांतपणे हिशोब मांडला. चाळीसपैकी चौदा, म्हणजे त्याच चालीनं साठपैकी एकवीस, दोन्ही मिळून पस्तीस. पास व्हायला पेपरात सव्वीस पाहिजेत आणि ते काही पडत नाहीत. यंदा पेपर दिला काय, न दिला काय, सारखंच, असं ते म्हणाले, आणि तेही अप्पांकडे बघून. मी तिथंच उभी होते, पण माझ्याकडे कुणी बघेना. जसा काही माल तोलून झाला, आता नुसतं पोतं शिवायचं. माझं डोकंच सरकलं.

मी म्हणाले, सर, तुमचा हिशोब माझे कोरे प्रश्न धरून आहे. मी जे अकरा लिहिले त्यात आठ बरोबर आहेत, त्या चालीनं साठात त्रेचाळीस होतात. सर हसले, म्हणाले, असं नसतं बाई. असं नसतं हे मलाही कळत होतं. पण त्यांचा अंदाज म्हणजे अंदाज आणि माझा म्हणजे पोरखेळ, हे कुणी ठरवलं?

मग मी अप्पांकडे वळले. परक्या माणसासमोर बापाला उलट बोलायची आमच्या घरात रीत नाही. तरी मी बोलले.

"अप्पा, डाऊट आला की सोड, हे तुम्हीच शिकवलं. मी सोडत आले. आता तुम्हाला माझाच डाऊट आलाय, म्हणून मलाच सोडून द्यायलात का?"

अप्पांचा हात शर्टाच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला. काही सुचेनासं झालं की त्यांचा हात तिथंच जातो. सर उगाच रजिस्टर चाळायला लागले. मी अर्जावर सही केली नाही, आणि अप्पांनीही तो खिशातून काढला नाही. बाहेर आल्यावर मी स्पष्टच सांगून टाकलं: सव्वीस पडले तरी मी इथंच राहणार, नाही पडले तरी इथंच राहणार, विषय परत देणार, उदगीरला जाणार नाही. हॉस्टेलचे पैसे बंद केलेत तर शिकवण्या घेईन. अप्पा "बघू" म्हणाले आणि लातूरच्या गाडीत बसले. आमच्या घरात बघू म्हणजे बहुतेक नाहीच असतं.

पेपरात मी एक ओळ कोरी ठेवली नाही. येत होतं ते लिहिलं, अर्धंमुर्धं येत होतं तेही लिहिलं, मुळीच येत नव्हतं तिथं सूत्र मांडून आकडे घातले आणि उत्तराखाली ठसठशीत दोन रेघा मारल्या. बाहेर आल्यावर कुणाशी टॅली केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

निकाल लागला. साठपैकी बावीस. सरांचा अंदाज एका मार्कानं चुकला, माझा एकवीस मार्कांनी. मनातल्या मनात ग्रेसचे मार्क धरून बघितले, तरी गणित बसेना. नापास ते नापास. मी अप्पांना फोन लावला आणि आवाज चढवूनच सांगितलं, कारण मी भांडणाची तयारी करून बसले होते. टीसी काढू देणार नाही, उदगीरचं नाव काढायचं नाही, सगळी वाक्यं तोंडपाठ होती. ती एका दमात म्हणून टाकली.  तिकडं दुकानात कुणीतरी साखर मागत होतं, ते ऐकू आलं.

मग अप्पा म्हणाले, "उदगीरला मी त्याच दिवशी गाडीतूनच न्हाई म्हणून कळवलंय. परत फॉर्म कवा भरायचा हाय, ते सांग."