उत्तर नाही तर जाळ नाही

आमच्या गुऱ्हाळावर कामाला असलेले आबा डोळे मिटून जाळ ओळखायचे. चुलवाणाच्या, त्या मोठ्या भट्टीच्या, तोंडाशी उकिडवे बसलेले, धुरानं डोळे लाल झालेले, आणि नुसत्या आवाजावरनं सांगायचे, "अक्का, डावीकडं कमी पडलंय बघ. चार चिपाडं सार." मी उसाची वाळकी चिपाडं आत सारायची. भट्टीवरच्या काहिलीतला रस पुन्हा सगळीकडनं सारखा उकळायला लागायचा. आमच्या गुऱ्हाळाच्या गुळाला जो सोनेरी रंग यायचा तो आबांच्या जाळाचा, हे बाजारातले व्यापारीसुद्धा मानत. म्हणून माझे वडील, अण्णा, साऱ्या जगावर डाफरायचे, पण आबांवर कधी नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलेलं. शाळेतले विज्ञानाचे मास्तर काकवी न्यायला आले होते. आबांनी वर सूर्याकडे बोट केलं. "मास्तर, तेवढं सांगा. त्याला चिपाडं कोण घालतं?"

मास्तर हसले नाहीत. काकवीची किटली खाली ठेवून तिथंच बसले. म्हणाले, "कुणी घालत नाही, आबा. त्याच्या पोटात हायड्रोजन आहे. स्वतःच्याच वजनानं तो असा दाबला जातो की त्याचा हेलियम होतो, आणि त्यातनं ही ऊब निघते."

"म्हंजे साठा हाय. मग कधीतरी सपणार की!"

बाई गं, माझ्या अंगावर काटा आला. सूर्य संपेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्याच वर्षी माझी सातवी झाली आणि अण्णांनी शाळा थांबवली. "पोरीच्या जातीला रग्गड झालं," म्हणाले. मी चिपाडांच्या ढिगामागं बसून रडले. आबांनी ते पाहिलं. रस उकळायला आलेला, आणि हे हातातली चिपाडं टाकून बाजूला झाले!

"आबा, आधण बिघडंल की!" अण्णा ओरडले.

"बिघडू द्या. मास्तरांनी अर्धंच सांगितलंय. दर ऐतवारी ही जाऊन उरलेलं इचारून येणार. उत्तर न्हाय तर जाळ न्हाय."

अण्णांनी काहिलीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. "जाऊ दे तिकडं! पण आधी जाळ घाला, माझ्या बापा!"

शाळा सुटली ती सुटलीच. पण दर रविवारी आबांचा प्रश्न घेऊन मी मास्तरांकडे जाई आणि उत्तराबरोबर एखादं पुस्तकही घेऊन येई. एकदा मी म्हटलं, "आबा, सूर्याहून कितीतरी मोठे तारे आहेत. ते फार जगत असतील, नाही?"

"खुळी का काय तू? ढीग मोठा, तर चुलवाणाचं तोंड बी मोठं. भडाभडा जळून लवकर सपत असतील."

पुढच्या रविवारी हे सांगितलं तर मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "अगदी खरं आहे. हे त्यांना कुणी सांगितलं?"

शेवटच्या हंगामात आबांना खोकल्यानं धरलं. जाळ दुसऱ्याच्या हाती गेला, आबा खाटेवर. त्यांनी प्रश्न पाठवला, "सपल्यावर काय ऱ्हातं?"

मी उत्तर आणलं, तेव्हा अण्णाही दारात उभे होते. आपला सूर्य फुगून लाल होईल, वरची साल सोडून देईल, आणि आत एक पांढरा निखारा निवत राहील. फार मोठे तारे मात्र फुटतात. त्यांची राख आभाळभर पसरते, त्यातून नवे तारे होतात. आपली धरती तसल्याच राखेची. आपल्या रक्तातलं लोखंडसुद्धा.

आबांनी तळहात डोळ्यांशी नेले. रेघारेघांत राख बसलेली, कधी न निघालेली.

"म्हंजे ह्येच की आपण," ते हळूच म्हणाले. "वाया काय जात न्हाय म्हण."

पाडव्याआधीच आबा गेले.

पुढच्या हंगामात चुलवाण पेटलं. रविवार होता. मी पायरीवर बसून होते. आता कुणाचा प्रश्न न्यायचा? अण्णा आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज जायचं न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "न्यायला प्रश्नच नाही, अण्णा."

अण्णा जाळाकडे बघत घुटमळले. मग म्हणाले, "जा. इचार मास्तरांस्नी, त्यो निखारा निवायला किती काळ लागतो."