एकच पर्याय निवडा

सर्वेबाईने आजवर लोकांना काय काय विचारलं नव्हतं! कोणता साबण वापरता, गादी किती वर्षांनी बदलता, विम्याच्या एजंटाचं तोंड दिसलं की काय वाटतं. ऑफिसात तिला सगळे सर्वेबाईच म्हणायचे. ऑफिस म्हणजे तरी काय, पंख्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत ती आणि तिचा कॉम्प्युटर, आतल्या खोलीत साहेब आणि साहेबांचा खोकला. पूर्वी ती दारोदार फिरायची. आता लिंक पाठवायची, लोक फोनवर उत्तरं भरायचे, आणि हिने खुर्चीत बसून आलेख काढायचे. पायांना आराम होता. माणसांचे चेहरे दिसत नाहीत एवढं तिला खटकायचं, पण सांगते कुणाला?

या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेबांनी सुरुवातीला शिकवलेलं तिने पक्कं गाठीला बांधलं होतं: लोकांना मोकळं सोडायचं नाही, मोकळं सोडलं की ते सगळ्याच साबणांनी आंघोळ करतात. म्हणून उत्तरांपुढे चौकोन ठेवायचे नाहीत, गोल ठेवायचे. चौकोन असले की माणूस हव्या तितक्यांवर बोट ठेवतो. गोल असले की एकच. दुसऱ्यावर बोट ठेवलं की पहिली खूण आपोआप जाते. तिला झोपेतून उठवून प्रश्नावली करायला बसवलं असतं तरी तिने गोलच ठेवले असते.

अशा बाईकडे देवाचं काम आलं.

चर्चच्या वरच्या समितीला एका मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या सभासदांची, पाहणी करून हवी होती. तिथल्या पाळकाविरुद्ध, म्हणजे धर्मगुरूविरुद्ध, तक्रार होती. माणूस चांगला, आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसेल, भांडणाऱ्या नवरा-बायकोला समोरासमोर बसवून चहा पाजेल, पण उपदेशात शिकवणीचं नाव नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघे निरनिराळे, तिघेही पूर्ण देव आणि तरीही देव एकच, याला त्रैक्य म्हणतात. सांगायला ओळभर, समजायला जन्म. ते त्याच्या मंडळीला ठाऊक तरी आहे का, असं समितीच्या चिटणीसांचं म्हणणं होतं. ठाऊक नसेल तर पाळक बदलायचा. म्हणजे चर्चच्या आवारातलं घरही सोडायचं.

आणि तो पाळक म्हणजे सर्वेबाईचा सख्खा धाकटा भाऊ.

तिने साहेबांना लगेच सांगून टाकलं. साहेब म्हणाले, तू थोडीच कुणाची नावं बघणार आहेस, मोजायचं ते मशीन मोजतं. भावालाही सांगितलं. तो हसला. म्हणाला, बरं झालं, निदान खाडाखोड तरी होणार नाही. तिला मात्र थोडी धाकधूक होती. चर्चला ती जायची ती भावाने टोमणा मारला की. पण चिटणीसांनी पुस्तकं दिली, ती तिने परीक्षेला बसल्यासारखी वाचली. प्रश्नावली छापून समितीपुढे ठेवली. कागदावर गोल काय नि चौकोन काय, पेनाने तिन्हींवर खूण करता येते. समितीने चष्मे पुसून वाचली, मान डोलावली, सह्या केल्या. मुख्य प्रश्न होता: तुमच्या मते खालीलपैकी देव कोण? पिता. पुत्र. पवित्र आत्मा. यांपैकी कुणीही नाही.

लिंक गेली आणि फोन सुरू झाले. पहिला फोन एका म्हाताऱ्या घड्याळदुरुस्तीवाल्याचा.

"बाई, मी पित्यावर बोट ठेवलं की पुत्र जातो," तो म्हणाला.

सर्वेबाईने नेहमीचं उत्तर दिलं, जे सर्वांत जवळचं वाटेल ते निवडा. मग त्याने विचारलं, "मग मी सोडू कुणाला?"

तिने ते हसण्यावारी नेलं. म्हातारी माणसं, जाड बोटं, असे फोन गाद्यांच्या वेळीही यायचे. कुणी एक बाई तीनदा भरायला गेली, एकेकदा एकेकासाठी. मशीनने तिला दुसऱ्या वेळीच हाकलून दिलं. त्याचीही कुणाला शंका आली नाही. आता बोला!

निकाल आला तो निवडणुकीसारखा. पुत्र पहिला, पिता त्याच्या मागे, आणि पवित्र आत्म्याचं तर डिपॉझिटच गेलं. साहेबांनी खोकत खोकत अहवालावर सही केली. समितीत चिटणीसांनी तो आलेख भिंतीवर मोठा करून दाखवला. निम्म्या मंडळीने पित्याला देव म्हणायचं नाकारलंय, आत्म्याला तर कुणी विचारतच नाही, ही शिकवण म्हणायची का, असं ते म्हणाले. आपली माणसं असं मानत असतील हे भावाच्या स्वप्नातही नव्हतं. समितीने पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचं ठरवलं, आणि निर्णय काय होणार हे उघड होतं.

भावजयीचा फोन आला. रडली नाही, चिडली नाही, सरळ विचारलं की ताई, तुम्ही असं विचारलं तरी काय? म्हणून सर्वेबाईने स्वतःचीच लिंक पहिल्यांदा स्वतःच्या फोनवर उघडली. आजवर तपासणीला कॉम्प्युटरच खोटी उत्तरं भरायचा, आणि त्याला एकच देव पुरत होता. तिने पित्यावर बोट ठेवलं. मग पुत्रावर ठेवलं. पिता गेला.

तिने कपाळावर हात मारून घेतला. एवढ्या श्रद्धावान माणसांना तिने साबणासारखा देव निवडायला लावला होता. पायांखालची जमीन सरकली म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

साहेब म्हणाले, मूग गिळून बस. उद्या विमावाले विचारतील, परवा गादीवाले, मग जुने सगळे अहवाल उपसायचे का? ते म्हणाले ते धंद्याला धरून होतं. पण ती बैठकीला गेली, फोन चिटणीसांच्या हातात दिला आणि म्हणाली, आता तुम्ही भरा. चिटणीसांनी भरायला घेतलं. एकदा, दोनदा. मग त्यांच्या मानेवर घाम आला. चूक माझी आहे, मंडळीची नाही, असं तिने उभ्याउभ्या सांगितलं.

समितीतल्या एका मवाळ गृहस्थांनी सुटकेचा श्वास टाकला. म्हणाले, मग हा अहवाल रद्द, तक्रारही मिटली समजू. सगळ्यांच्या माना हलायला लागल्या. तेवढ्यात भाऊच उठला. त्याला रात्र रात्र झोप नव्हती, आणि आता त्याला खरं काय ते हवं होतं.

"पुन्हा घे, ताई," तो म्हणाला. "या वेळी नीट विचार."

तिने नीट विचारलं. चौकोन ठेवले. एकेक वाक्य सोपं करून लिहिलं, बरोबर वाटेल त्या प्रत्येकावर खूण करा एवढंच सांगितलं. या वेळी प्रत्येक प्रश्न आधी घड्याळदुरुस्तीवाल्याच्या दुकानात बसून त्याच्या फोनवर तपासला, शेजारच्या शिंपिणीच्या फोनवरही तपासला. डोळ्यांत तेल घालून काम केलं. कुणाचा एकही फोन आला नाही.

उत्तरं जमा झाली तशी ती त्यांची प्रिंट काढून आधी भावाकडे घेऊन गेली. नियमात बसत नव्हतं, तरी गेली. तो स्वयंपाकघरात भांडी विसळत होता, भावजय टेबलाशी बसून शाळेचे पेपर तपासत होती. सर्वेबाईने वाचून दाखवलं. पित्याने पुत्राला निर्माण केलं: बहुतेकांनी बरोबर म्हटलं होतं. पवित्र आत्मा ही विजेसारखी एक शक्ती आहे: बरोबर. एकच देव कधी पिता होतो, कधी पुत्र होतो: बरोबर. शिकवणीच्या हिशेबाने सगळं चूक होतं, आणि सगळं मोकळेपणाने, मनापासून चूक होतं.

भावाने नळ बंद केला. भावजय सर्वेबाईकडे बघत होती.

"याही वेळी काहीतरी चुकलं असेल," भावजय म्हणाली. "सांगा ना, ताई."

सर्वेबाईला ते म्हणणं जमलं असतं. एकदा चुकलेल्या बाईचं दुसऱ्यांदा चुकणं कुणीही मान्य केलं असतं, आणि हे घर राहिलं असतं. भावावर तिचा पोटच्या पोरासारखा जीव होता. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं होतं.

"ताई, या वेळी प्रश्न बरोबर होते ना?" भावाने विचारलं.

"बरोबर होते," ती म्हणाली.

भावजय उठून आत गेली. भावाने उरलेली भांडी पुसून फडताळात लावली, हात कोरडे केले. मग म्हणाला, "तुमच्या ऑफिसात रिकामी खोकी पडलेली असतात ना? चार-पाच आण. पुस्तकांना लागतील."

ती हो म्हणाली. जिन्यावर आल्यावर तिला रडू फुटलं.