एकटा न जाणारा कारागीर

सदर भागात माझं कूलरचं दुकान आहे. स्वतःच्या शेजारच्या मुलीवर अत्याचार केल्याची शिक्षा भोगून सुटलेला एक माणूस मी कामाला ठेवला. असा माणूस खरंच थांबतो का आणि कशानं थांबतो, हे मला जवळून पाहायचं होतं. त्याच्या हाताला सफाई होती, पण कुणाच्या घरी कूलर बसवायला तो एकटा जातच नसे. दुकानात बसून कूलरच्या बाजूच्या ताट्यांमध्ये वाळ्याचं गवत भरत राही. भर मे महिन्यात गिऱ्हाइकांचे फोनवर फोन येऊ लागले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

“एकटा काहून नाही जात गा? मले भरोसा आहे ना तुह्यावर!”

“तुम्ही ठेवा भरोसा, भाऊ,” ताटी बांधता बांधता तो म्हणाला. “मले सोतावर ठेवून नाही जमत.”