भट्टीचं पहिलं ताक

अखेरच्या वर्षांत तूरियाच्या बापाचे पंजे मनगटापासून खाली लोंबायचे, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. ऐन झर्गा या गावाच्या कुंभार आळीत बहुतेक म्हाताऱ्यांचे तसेच. लोक त्याला ‘मालेमचा हात’ म्हणत, उस्तादाचा हात, आणि आदराने त्याला ओठ लावत. तूरियानेही लावले होते. पुढे ती राजधानीत रसायनशास्त्र शिकली, खाण्यापिण्यातून माणसाच्या अंगात काय काय उतरतं हे शोधायच्या कामाला लागली, आणि एका परक्या पुस्तकात तिला बापाचा हात दिसला. चित्राखाली लिहिलं होतं, शिसं.

गावची हिरवी झिलई जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवून होते. त्या भांड्यात लिंबाचं लोणचं, ताक, आंबट काहीही ठेवलं की शिसं सुटतं. तूरियाने गावच्या बरण्या तपासल्या, गावच्या बायकांचं रक्त तपासलं. संस्थेचे प्रमुख म्हणाले, “अहवालातून गावाचं नाव गाळा. तुमचंच गाव आहे.”

“माझं आहे म्हणूनच राहू दे,” ती म्हणाली.

आता मालेम होता तिचा धाकटा भाऊ बूशैब. निम्मी आळी त्याच्या भट्टीवर जगायची. भट्टी उघडली की पहिल्या बरणीत रात्रभर ताक ठेवायचं आणि सकाळी व्यापाऱ्यांदेखत मालेमच्या घरचं कुणीतरी ते प्यायचं, अशी तिथली रीत. पिणाऱ्याने ‘भांडं गोड आहे’ म्हटलं की मगच सौदा. या खेपेला पिणार होती बूशैबची बायको इत्तो. तिला सहावा लागला होता. पोटुशीने प्यायलं तर फारच शुभ.

तूरिया आदल्या दिवशी पोचली, ती थेट भट्टीवर.

“इत्तोला पिऊ देऊ नकोस.”

“आली! अजून बसलीही नाही तोवर विष ओकायला लागली.”

“विष मी ओकत नाहीये. विष तुझ्या बरणीत आहे.”

“आई प्यायली होती माझ्या वेळेला. मेलो का मी?”

“तुझ्याआधीचे दोघे मेले.”

बूशैब भट्टीच्या तोंडाकडे बघत राहिला. “ते अल्लाने नेले.”

“स्वतःचा माल अल्लाच्या नावावर खपवू नकोस. बिनशिशाची झिलई पाठवली होती ना मी?”

“ती? मेल्या माशाचा डोळा बरा! अशी बरणी घेईल कोण, तू?”

स्वयंपाकघरात इत्तोने हळूच विचारलं, “लल्ला,” मोठ्या नणंदेला ती आदराने असंच म्हणे, “खरंच का?”

“खरंच.”

“पण मी नाही म्हटलं तर माहेरी धाडतील मला.”

तेही खरंच होतं, तूरियाला ठाऊक होतं.

सकाळी अंगणात चटया पडल्या. मक्नासचे व्यापारी हाजी लमेक्की चहाचा पेला फिरवत म्हणाले, “डॉक्टरीणबाई, ताकात साखर घालायची की औषध?” सगळे खदखदून हसले.

इत्तो वाडगा घेऊन आली. तूरियाने पुढे होऊन वाडगा काढून घेतला.

“मीही या घरचीच. सुनेआधी लेकीचा मान.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बूशैबचा चेहरा सैल झाला. आली एकदाची वळणावर, असं त्याला वाटलं असावं. तूरियाने वाडगा तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली घेतला नाही. एका वाडग्याने पन्नाशीच्या बाईचं काय होतं आणि सहा महिन्यांच्या गर्भाचं काय होतं, दोन्ही तिला ठाऊक होतं. ताक किंचित गोडसर लागलं. शिसं गोडच असतं. पिढ्यान्‌पिढ्या इथे कुणी खोटं बोललं नव्हतं.

“हं, बोला,” हाजी म्हणाले.

“भांडं वाईट आहे.”



“चेष्टा करता का, बाई?”

“पिणाऱ्याचा शब्द मानायचा ही तुमचीच रीत ना? की लेक प्यायली तर ते धरत नाही?”

भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या कुंभाराने, सी अल्लालने, आपले लोंबते पंजे मांडीवर उचलून ठेवले. “धरतं,” तो म्हणाला.

हाजी उठले. त्यांच्यामागे बाकीचेही उठले. हिरव्या बरण्या उन्हात चकाकत तशाच राहिल्या. कुणी त्यांना हात लावला नाही.

“पोटावर पाय दिलास!” बूशैब ओरडला. “चालती हो. पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस.”

“दार बापाचं आहे. पुढच्या भट्टीलाही येईन आणि पहिलं ताक मीच पिईन. चांगलं असेल त्या दिवशी चांगलं म्हणेन. तोवर रोज ओरड.”

त्याचा हात दाराकडे रोखलेला होता. बोट अजून सरळ होतं, मनगटही. तूरियाने ते नीट निरखलं आणि ती मोकळ्या चटईवर मांडी घालून बसली.

“इत्तो, चहा टाक गं.”

इत्तोने नवऱ्याकडे पाहिलं नाही. “टाकते, लल्ला,” ती म्हणाली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात.