अकरा तुटलेले धागे

बडोद्याला चित्रकला शिकायला निघाले, तेव्हा भिवंडीच्या एस.टी. स्टँडवरच माझ्या पिशवीचा बंद तुटला. बाबांनी खिशातून सूत काढून कारागिराची बारीक गाठ मारली. "तुटलं की लगेच बांधायचं गो बाय, उद्यावर न्हाय टाकायचं." मी मान डोलावली आणि खिडकीची जागा पकडायला पळाले. रडूबिडू काही आलं नाही. जग बघायला निघाले होते मी!

मी तिसऱ्या वर्षाला असताना बाबा कामाला होते तो लूमचा कारखाना जळाला. अकरा कामगार गेले. त्यात युसुफचाचा होते, त्या दिवशी बाबांशी ड्युटी बदललेले. त्यानंतर बाबांनी लूमला हात लावला नाही. भिवंडीजवळच्या शेलार गावी, घरात नुसते बसून राहायचे.

आगीला वर्ष भरत आलं आणि मला हॉस्टेलच्या जिन्यात एकदम सुचलं. ताण्यातले, म्हणजे लूमवरचे उभे, अकरा धागे तोडून कापड विणायचं, म्हणजे कापडभर अकरा रिकाम्या रेघा! शेजारच्या कारखान्याच्या सेठनी एक लूम एका शिफ्टपुरता दिला. बाबांना अक्षरशः ओढत नेलं. ते दारातच थांबले.

मी धागे तोडले, लूम सुरू केला. दोन हात कापड उतरलं, रेघा अगदी मनासारख्या. नाचायचंच काय ते बाकी होतं! सुताच्या कांड्या आणायला गेले, परतले तर लूम बंद आणि बाबा ताण्यावर वाकलेले. अकराही धागे बांधून झाले होते.

"बाबा, काय केलंत हे!"

"तुटलेला धागा दिसला, हात गेला." मग घाबरून म्हणाले, "तोडू परत?"

वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा हात गेला होता. मी म्हटलं, "नको. आता तुम्हीच चालवा." आणि शिफ्ट संपेपर्यंत त्यांनी चालवला!

आगीच्या वर्षदिनी कारखान्याच्या जळालेल्या भिंतीवर कापड टांगलं. अकरा रिकाम्या रेघा, गाठीपाशी येऊन मिटलेल्या. युसुफचाचांच्या बायकोने विचारलं, "भाईजान, इनका कौनसा?"

बाबांनी एका गाठीवर बोट ठेवलं. "ये, भाभी." सगळ्यांत ओबडधोबड गाठ तीच होती.

बाबा शेलारला राहिले, मी बडोद्याची झाले. संसार तिथे, मुलं गुजरातीत भांडतात. तरी दरवर्षी कापड टांगायला मी येतेच. चाचींना आता नीट दिसत नाही, पण बोटं फिरवत त्या बरोबर त्या गाठीवर थांबतात. त्या थांबल्या की मी घरी पोचते.