पाच शब्दांचा बंदोबस्त

सांगलीच्या विश्रामबागेत माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. या धंद्यात मी आजवर जेवढी वाक्यं छापली त्यातलं एकही माझं नव्हतं. पत्रिकेच्या तळाशी चिल्ल्यापिल्ल्यांच्या तोंडी घातलेला आग्रह, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची विशेषणं, दुकानाच्या उद्घाटनाची निमंत्रणं, सगळं मी दुसऱ्यांच्या कामावरून उचललं आणि माझ्याकडून मिरज-तासगावच्या लोकांनी उचललं. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर समोरचा हसला असता. अशा माणसाला आपलं वाक्य चोरीला जाईल या भीतीने जेवण गोड लागेनासं व्हावं, यात गंमत आहे. ती मला फार उशिरा कळली.

माझी थोरली बहीण खटाव तालुक्यात, वडूजला दिलेली आहे. आक्का. तिचं घर गावाबाहेर, एसटीच्या थांब्यासमोर आहे. दाजी फौजेतून निवृत्त झालेत आणि मुलं पुण्याला असतात. घरात दोघंच, त्यात दाजी जे काही बोलतात ते बहुधा बातम्यांच्या वेळी, टीव्हीशी. त्यामुळे आक्काचा दिवस दारात येणाऱ्या माणसांवर चालायचा. गॅसवाला, पोस्टमन, मीटर बघायला येणारा, एसटी चुकलेल्या बाया, मतं मागणारे. प्रत्येकजण पायरीवरूनच म्हणायचा, नको, घाईत आहे. आणि आक्का प्रत्येकाला एकच सांगायची, "अर्धा घ्या, पर बसून घ्या."

माणूस बसायचाच. ती नवी नवरी म्हणून त्या घरात गेली तेव्हा दूध बेताचं होतं आणि पाणी त्याहून बेताचं. पाहुण्याला अर्ध्याच्या वर देणं जमायचं नाही, म्हणून अर्धा. ओट्यावरचा बाक मात्र चांगला लांबलचक, म्हणून बसून. पुढे दूध वाढलं, दारात नळ आला, वाक्य तेच राहिलं. बसलेला माणूस अर्ध्यावर उठतो थोडाच. दुसरा अर्धा यायचा, आणि तोवर त्याच्या सुनेचं बाळंतपण, विहिरीचं पाणी, चुलत्याशी चाललेलं बांधाचं भांडण, सगळं आक्काच्या पदरात पडलेलं असायचं.

दोनेक वर्षांपूर्वी मी दुकानात बसून फोनवर एका मोठ्या चहा कंपनीची जाहिरात बघत होतो. ताजेपणा, उत्साह, नवी सकाळ वगैरे. मला रागच आला. एवढी मोठी कंपनी आणि एवढं पांचट वाक्य! आमच्याकडे बारशाच्या पत्रिकेतसुद्धा याहून बरं असतं. आणि त्या रागाच्या भरात मला सुचलं, 'अर्धा घ्या, पण बसून घ्या.' सुचलं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आठवलं. पण मी 'पर'चं 'पण' केलं होतं, आणि तेवढ्या एका अक्षरावर माझी मालकी उभी राहिली.

वाक्य झालं, आता त्याचा बंदोबस्त. कुठेतरी वाचलं होतं की आपली कल्पना कागदावर लिहावी, पाकीट बंद करावं आणि स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवावं. पाकीट फोडायचं नाही. तारखेचा शिक्का हाच पुरावा. मी विश्रामबागेतल्या दुकानातून निघून पोस्टात गेलो आणि विश्रामबागेतल्याच घरी स्पीड पोस्ट केलं. खिडकीतल्या बाईंनी पाठवणाऱ्याचं नाव बघितलं, घेणाऱ्याचं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी नजर वर केली नाही.

पाकीट आलं तेव्हा मी दुकानात होतो. बायकोने सही करून घेतलं आणि फोडलं. संध्याकाळी घरी गेलो तर पुरावा टेबलावर उघडा, वर चष्मा ठेवलेला.

"अहो, आक्कांचं वाक्य पोस्टानं कशाला मागवलंत?" तिने विचारलं.

मी तिला जाहिरातीचं क्षेत्र, कल्पनेचं मूल्य वगैरे बरंच समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आहे ते आक्कांचंच ना?" बायकांना व्यवसायातलं बारीक कळत नाही असं ठरवून मी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेलो. त्यांच्या मुलीच्या पत्रिका मीच छापल्या होत्या, त्यामुळे त्यांनी फी न घेता ऐकलं. वाक्य त्यांच्या कानात सांगितलं, खोलीत तिसरं कुणी नसताना. ते म्हणाले, एवढ्याशा वाक्याला कॉपीराइट मिळत नाही. ट्रेडमार्क मिळू शकतो, पण तो माल विकण्यासाठी असतो.

"तुम्ही चहा विकणार आहात का?"

"नाही. मी वाक्य विकणार."

"मग दाखवण्याआधी कंपनीकडून गुप्ततेच्या करारावर सही घ्या. मोठ्या कंपन्या सहसा करत नाहीत, पण बघा. आणि तोवर कुणाजवळ बोलू नका. मूळ कल्पना तुमचीच ना?"

"माझीच," मी म्हणालो. इतकं चटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

"अजून कुणाला माहीत आहे?"

"बायकोला." मग प्रामाणिकपणे आठवून म्हणालो, "आणि खटाव तालुक्याला."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. मग हे गुप्त कसं, असं त्यांनी विचारलं, आणि घड्याळाकडे बघितलं. पुढचा उपाय त्यांचा नव्हता, तो संपूर्ण माझा. गळती जिथून सुरू होते तिथेच बुच मारायचं, असं मी पायऱ्या उतरता उतरता ठरवलं.

हमीपत्र मी दुकानातच बनवलं. 'मी खाली सही करणार लिहून देते की, सदर वाक्य यापुढे कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीसमोर उच्चारणार नाही.' सवयीने वर गणपतीही बसला होता, तो ऐनवेळी काढला. स्टँप पेपरवर छापून घेतलं आणि विट्यावरून मायणीमार्गे वडूज गाठलं.

ओट्यावर एसटी चुकलेल्या दोन बाया बसलेल्या होत्या. त्या जाईपर्यंत मी कागद पिशवीतून काढला नाही. मग आक्काला आणि दाजींना आत बोलावलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. मोठी कंपनी, टीव्हीवर वाक्य, खाली कदाचित माझं नाव.

आक्का हरखली. "म्हंजी मी म्हन्ती ते टीवीवर म्हननार?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो. यापेक्षा जास्त खरं बोलायची ती संधी होती, ती मी घालवली.

दाजींना मात्र प्रकरणाचं गांभीर्य लगेच पटलं. पाठ ताठ करून ते म्हणाले, "गुप्त म्हंजी गुप्त. पलटनीत असल्या कागदावर सही झाली की बायकूला सुदिक सांगायचं न्हाई."

"आवं, हितं तर बायकूनंच सांगायचं न्हाई," आक्का हसून म्हणाली. मग तिने मला विचारलं, "आन् मान्सं आली तर काय म्हनू रं?"

"काहीही म्हण. चहा घ्या म्हण."

"ते समदीच म्हनत्यात," ती म्हणाली. "पर तुजं काम हुतंय न्हवं? मग आन हिकडं."

तिने बचत गटात सही शिकली होती. पूर्ण नाव, वडिलांचं नाही, नवऱ्याचं, आडनावासकट, एकेक अक्षर दाबून लिहिलं. शेवटच्या अक्षरावर फुंकर मारली. मी कागदाचा फोटो काढला, मग कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि सांगलीला आल्यावर दुकानाच्या कपाटात कुलूपबंद केला.

मग कंपन्यांना ई-मेल लिहायला लागलो. 'माझ्याकडे चहासाठी एक वाक्य आहे. ते कोणतं हे सांगता येत नाही. कृपया आधी सोबतच्या करारावर सही करावी.' बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींच्या यंत्राने आभार मानले. एका कंपनीने कळवलं की आम्ही बाहेरून आलेल्या कल्पना स्वीकारत नाही, आणि तुम्ही काही पाठवलंच तर ते गुप्त मानलं जाणार नाही. हे उत्तर मी छापून ठेवलं. निदान माणसाने लिहिलेलं वाटत होतं.

याच दरम्यान बायको एकदा म्हणाली, "आक्कांकडे आताशा काही बातमीच नसते." दर रविवारी दोघी फोनवर बोलायच्या, आणि पूर्वी त्या फोननंतर बायकोला अर्धा तालुका तोंडपाठ असायचा. मी म्हणालो, उत्तम, म्हणजे गळती थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग कुकर लावायला गेली.

शेवटी एक संधी आली. माझ्याकडून फ्लेक्स करून घेणाऱ्या एका चहा वितरकाने सांगितलं की साताऱ्याला एका हॉटेलात कंपनीची बैठक आहे, मार्केटिंगचे साहेब दहा मिनिटं देतील. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेब वयाने माझ्या जुन्या छपाई मशीनएवढे असतील. त्यांनी करार नीट वाचला आणि परत दिला.

"काका, सही करायचा अधिकारच मला नाही. तुम्ही सांगा ना, आवडलं तर पुढे बघू."

"आधी सही."

"आधी सांगितल्याशिवाय सही कशावर करणार?"

त्यांचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, त्यामुळे दोघांनाही पुढे बोलता येईना. आजूबाजूला सगळा चहाच्या धंद्यातला माणूस कागदी कप हातात घेऊन उभा होता. खुर्च्या आत हॉलमध्ये, बाहेर फक्त मशीन. साहेबांनी मलाही एक कप भरून दिला. आम्ही उभ्या उभ्या प्यायला लागलो. त्यांचा एक डोळा घड्याळावर, एक फोनवर. डोळ्यांखाली काळं झालेलं. वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं. जाहिरात राहू दे, त्या पोराला स्वतःलाच कुणीतरी ते म्हणायला हवं होतं. पण मी तोंड मिटून घेतलं. दहा मिनिटं संपली, आणि माझं गुपित जसंच्या तसं घेऊन मी बाहेर पडलो.

साताऱ्याहून परत सांगलीला यायचं सोडून मी कोरेगाव-पुसेगाववरून वडूजची गाडी धरली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला बसून चहा प्यायचा होता.

थांब्यावर उतरलो तर आक्काच्या पायरीशी गॅसवाला सिलिंडर उतरवत होता. आक्का बाहेर आली. "चहा घ्या," ती म्हणाली.

"नगं आक्का, गाडी हुबी हाय."

आक्काचे ओठ हलले. मग मिटले. गॅसवाला गेला. मी फाटकाशी उभा राहून हे बघितलं. ओट्यावरच्या लांब बाकावर कांदे वाळत घातले होते. त्या बाकावर माणसांशिवाय दुसरं काही मी जन्मात बघितलं नव्हतं.

दाजी मला बघून खूश झाले. "एक शब्द भाईर गेला न्हाई. मी सोता ध्यान ठेवलंय."

"कोन बसतच न्हाई रं," आक्का म्हणाली. तक्रार करायचा सूर नव्हता, ख्यालीखुशाली सांगावी तसं सांगत होती. "उभ्यानं येत्यात, उभ्यानं जात्यात. पल्याडच्या वस्तीवरची म्हातारी गेली, ते मला तिसऱ्या दिशी कळलं. लय वंगाळ वाटलं बग. तुजं काय झालं? घेतलं का कंपनीनं?"

मला लाज वाटली. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी म्हणालो, "नाही घेतलं. आणि आक्का, ते माझं नव्हतंच. तुझंच वाक्य मी माझं म्हणून सांगत फिरलो. तू आता खुशाल म्हण. आत्ता म्हण."

तिने विचारलं, "कागुद कुठाय?"

"सांगलीला. कपाटात."

"मग त्यो आन आदी."

"अगं, मीच लिहून घेतला, मीच नको म्हणतोय."

"तू म्हन्तोस रं. पर सही माजी हाय न्हवं?" ती म्हणाली. "गटात शिकीवलंच हाय तसं. सही म्हंजी सही."

"बराबर हाय," दाजी म्हणाले.

तेवढ्यात विट्याची एसटी वळणावर दिसली. सांगलीला जायचं, कपाट उघडायचं, आणि कागद घेऊन पुन्हा यायचं. ही गाडी चुकली तर ते आणखी एक दिवस लांबणार होतं. आक्का आत गेली आणि चहा घेऊन आली. मी पायरीवर होतो. "अर्धाच दे," मी म्हणालो, "मी घाईत आहे," आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तिने काही म्हटलं नाही. नुसता कप पुढे केला. काठोकाठ भरलेला होता. आक्काच्या दारात मी जन्मात पहिल्यांदा उभ्यानं चहा प्यालो.