पाठ बघा, मग शेरा लिहा

डॉक्टरांनी मला कुशीवर वळवलं, सदरा वर केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. डॉक्टर गप्प झाला की आपण देवाचं नाव घ्यावं. मी तेहतीस कोटींची अर्धी यादी संपवली तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं.

"बेडसोअर," ते म्हणाले.

बसऱ्याच्या लढाईत मी तीन गोऱ्या साहेबांना इंग्रजी शिकवलेला माणूस, पण हा शब्द माझ्याही कानावरून गेला नव्हता. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादीच्या मध्ये मांस चेपतं. तिथलं रक्त थांबतं. रक्त थांबलं की मांस मरतं, आणि चादर ओली असली तर ते कुजतं. माकडहाड, खुबा, टाचा, इथं पहिल्यांदा. आधी नुसती लाली येते. त्या वेळी कुणी बघितलं तर निभावतं.

"औषध काय?" मी विचारलं.

"दर दोन तासांनी कूस बदलायची आणि कोरडी चादर. पावडर मी देतो, हवालदार, पण नुसत्या पावडरीनं काही होत नसतं. वळवणारा माणूस पाहिजे."

म्हाताऱ्यांच्या या गृहाचे मॅनेजर दारात उभे होते. त्यांनी मान डोलावली. तशी मान मी फक्त दहिवडीच्या बाजारात पाहिली होती, आटलेली म्हैस दुभती म्हणून विकणाऱ्याची.

मी इथं पोचलो कसा, तेही सांगतो, कारण उद्या ही पाळी तुमच्या घरावर येईल. माझं मांडीचं हाड मोडलं. साताऱ्याच्या डॉक्टरांना मी सांगितलं की दोन वळूंची झुंज सोडवत होतो. सिस्टरबाईंना सांगितलं, लांडग्याच्या मागं धावलो. इथं खरं लिहितो. उंबऱ्यावर उभा राहून चपलेत पाय घालत होतो.

"फ्रॅक्चर," साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाड मोडलं, खुब्याजवळ. मग ट्रॅक्शन. म्हणजे पायाला दोरी बांधायची, दोरीला विटा लटकवायच्या आणि पाय ताणून धरायचा. दोन महिने मी असा टांगलेला होतो. उतरवलं तेव्हा दुसरा पाय त्याला ओळखेना.

थोरला मुंबईला गिरणीत, धाकटा पलटणीबरोबर लढाईवर. गावाकडच्या घरात मला उचलणारं कुणी नव्हतं. थोरल्यानं कुणाकडून तरी ऐकलं की सांगलीजवळ, माधवनगरच्या अंगाला, व्यापारी मंडळींनी म्हाताऱ्यांसाठी एक गृह काढलंय. तो आला, अंगण झाडलेलं पाहिलं, तुळस पाहिली, मॅनेजरांचा इस्त्रीचा कोट पाहिला आणि मला ठेवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्याला मी दोष देत नाही. लोक असंच बघतात. तुम्हीही असंच बघाल.

आता आतलं ऐका. सतरा म्हातारे, त्यांना एक आचारी आणि एक गडी. आमटी इतकी पातळ की वाकून पाहिलं तर आपलं तोंड दिसायचं, आणि जास्त वेळ पाहिलं तर मेलेला बाप दिसायचा. ढेकूण इतके माजलेले की खाट ते स्वतः उन्हात नेत, वर माणूस असला तरी. चादर सुकली की मळानं इतकी ताठ, की भिंतीला टेकवून उभी करावी. मॅनेजर म्हणायचे, "लढाई चालू आहे. कापड मिळत नाही." कापड मिळत नव्हतं हे खरं. पण सतरा धुतलेल्या चादरी कपाटात होत्या हेही खरं. त्या महिन्यातून एकदा, कमिटी यायच्या सकाळी बाहेर यायच्या आणि दुपारी परत आत जायच्या. त्या चादरींची जेवढी निगा होती तेवढी आमची असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

कमिटी म्हणजे रावसाहेब आणि त्यांच्या मागून चालणारे चौघे. रावसाहेब माणूस वाईट नव्हता. फक्त बघायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं. ते फरशी बघायचे, पितळी भांडी बघायचे, आणि मग मॅनेजर त्यांना माझ्या शेजारच्या खाटेपाशी आणायचे.

शेजारी दौलू होता. जन्मभर माग चालवलेला गडी. अर्धांगवायूनं त्याचा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली होती. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणायचे. म्हणजे माणसाला समजतं सगळं, पण शब्द तोंडापर्यंत पोचत नाहीत. एखादाच उरतो. दौलूला उरला होता 'व्हय'.

"काय दौलू, जेवण बरं आहे ना?" रावसाहेब विचारायचे.

"व्हय."

"चादर रोज बदलतात?"

"व्हय."

रावसाहेब खूश. मॅनेजर म्हणायचे, "साधा माणूस आहे, खोटं बोलत नाही." मग पानभर शेरा. अशा रीतीनं आमच्या गृहाची तपासणी होत असे.

एकदा मी बोलून बघितलं होतं. पण सवय आडवी आली. म्हटलं, "रावसाहेब, इथल्या उंदरांनी माझी घोंगडी नेली आणि वर पावती दिली." सगळे हसले. मॅनेजर म्हणाले, "हवालदार फार गमतीदार आहेत. यांच्यामुळे वॉर्डात करमणूक असते." त्यानंतर मी खोकलो तरी कमिटी हसायला तयार असायची.

तर त्या दिवशी, माझी पाठ पाहून झाल्यावर, मी डॉक्टरांना म्हटलं, "माझं राहू द्या. शेजारची बघा."

डॉक्टरांनी दौलूला वळवलं. मी आजवर जेवढ्या थापा मारल्या त्यातल्या एकीतही मी एवढं मोठं भोक केलं नव्हतं. माकडहाडापाशी माझी मूठ आत गेली असती. आत पांढरं दिसत होतं.

"हे हाडाला लागलंय," डॉक्टर मॅनेजरांना म्हणाले. "उद्या सेप्सिस होईल. म्हणजे विष रक्तात उतरेल, आणि मग माणूस राहत नाही. याला दवाखान्यात हलवा. फुकट खाट मिळेल, पण कमिटीचं पत्र लागतं. ही माझी चिठ्ठी, रावसाहेबांना दाखवा."

मॅनेजरांनी चिठ्ठी घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मी तो खिसा बघून ठेवला. आठवडा गेला, चिठ्ठी खिशातच. मी विचारलं तर म्हणाले, "दवाखाना विचारेल, इतकी जखम होईपर्यंत काय करत होता? गृहाची अब्रू जाईल. तुम्ही शांत पडून राहा."

पडून राहायचं, हेच तर दुखणं! डॉक्टर बोलावल्याशिवाय येत नसत, आणि बोलावणारे हेच.

मग मी बेत केला. कमिटी आली की सतराच्या सतरा जणांनी एकदम पालथं व्हायचं आणि पाठी दाखवायच्या. तोंडानं बोललेलं हसण्यावारी नेतात, सतरा सडक्या पाठींवर कोण हसतो ते बघू.

"आवं हवालदार, पण पालथं व्हायचं कसं?" पलीकडचे भाऊआबा म्हणाले. "मला अंगावरची माशी हाकलता येत न्हाई."

"कवायत करायची," मी म्हटलं.

खाटेच्या एका बाजूला जुनं धोतर बांधायचं, टोक माणसाच्या हातात. तो ओढणार, शेजारचा ढकलणार. मला दोन हात होते, दौलूला एक हात आणि एक पाय. दोघांचा मिळून पाऊण माणूस झाला आणि तेवढा पुरला. गिरणीचा भोंगा झाला की एकदा, आणि मधल्या वेळात भिंतीवरचं ऊन बघून. मी पलटणीत देत होतो तशी हाळी द्यायचो, आणि सतरा म्हातारे कण्हत, शिव्या देत, कूस बदलायचे.

"आरं हळू ढकल, गड्या! मी काय गाडीचा डबा हाय व्हय?"

"डबा असतास तर कवाच हलला असतास!"

तीन आठवडे ही कवायत चालली. दौलूला मात्र दिवसेंदिवस ताप चढायला लागला. मी त्याला वळवायचो तेव्हा तो डाव्या हातानं माझं मनगट धरायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "व्हय." दुखतंय, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा शब्द असता तर त्यानं तो वापरला असता.

कमिटी आली. चादरी कपाटातून बाहेर आल्या. दौलूला त्या दिवशी गळ्यापर्यंत घोंगडी. रावसाहेब दारात आले तशी मी हाळी दिली, आणि दौलू सोडून सोळा जण पालथे झाले.

"हे काय आता?" रावसाहेब म्हणाले.

"पाठी बघा, साहेब!"

त्यांनी पहिली पाठ पाहिली. दुसरी पाहिली. भाऊआबांची पाहिली. मग वळले आणि म्हणाले, "वा मॅनेजर! काय ही निगा! एवढे दिवस पडून असलेले रुग्ण, आणि अंगावर जखम नाही!"

मी मान वळवून बघतो तर खरंच. लाल होत्या त्या पाठी निवळल्या होत्या. ओल्या होत्या त्या सुकल्या होत्या. तीन आठवडे आम्ही पाठी दाखवायचा सराव करत होतो, आणि सरावानंच पाठी बऱ्या केल्या होत्या! सगळ्या सातारा-सांगलीत इतके शहाणे सतरा जण एका छपराखाली पुन्हा जमायचे नाहीत.

मॅनेजर क्षणभर बावचळले. पण माणूस तरबेज. "दर दोन तासांनी वळवतो आम्ही," ते म्हणाले. "हा दौलू झोपलाय, त्याला नको उठवायला. चला."

"मॅनेजर खोटं बोलतायत!" मी ओरडलो.

रावसाहेबांचा चेहरा हसायच्या तयारीला लागला. मी ते पाहिलं. खरं सांगितलं तर दौलू मेला, हे मला तिथंच कळलं. मग मी आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली.

"नुसतं वळवत न्हाईत, साहेब! पाठी स्वतःच्या हातानं पुसतात. या दौलूचं दुखणं बघून तर त्यांना जेवण जात न्हाई. डॉक्टरांची चिठ्ठी महिनाभर छातीशी घेऊन हिंडतायत. दवाखान्यासाठी तुमचं पत्र पायजे, पण मागायला लाजतात. आतल्या खिशात बघा."

"तसं काही नाही..." मॅनेजर म्हणाले.

"दौलूला विचारा की," मी म्हटलं. "साधा माणूस. खोटं बोलत न्हाई."

रावसाहेब खाटेवर वाकले. "काय दौलू, पाठ दुखते?"

"व्हय."

"दवाखान्यात जायचं?"

"व्हय."

त्यांनी घोंगडी उचलली. मग रुमाल नाकाला लावून दोन पावलं मागं सरले. "चिठ्ठी आहे का हो?"

मॅनेजरांनी माझ्याकडं पाहिलं. एका बाजूला शाबासकी, दुसऱ्या बाजूला सत्य. हात खिशात गेला, घडी बाहेर आली. "आज देणारच होतो," ते म्हणाले.

पत्र तिथंच झालं, आणि दुपारी दौलूला छकड्यात घालून नेलं. त्याच्या डाव्या हातानं तीन आठवडे मला ढकललं, म्हणून मी आज कुबड्यांवर उभा आहे. डॉक्टर म्हणतात, हाड खरवडलं, मेलेलं मांस काढलं, ताप उतरला, जखम भरतेय. दोन महिने झाले, अजून तो तिथंच आहे. उपकार म्हणाल तर त्या हाताचे आणि त्या डॉक्टरांचे. या गृहाचा मी कपभर चहाएवढाही ऋणी नाही.

पण माझ्या थापेला पिल्लू झालं. रावसाहेबांनी त्या दिवशी शेरा लिहिला, "रुग्णांची निगा उत्तम. व्यवस्थापक स्वतः लक्ष घालतात." मॅनेजरांनी तो चौकटीत घालून दाराशी टांगला.

परवा कडेगावचा एक ऊसवाला बागायतदार बापाला घेऊन आला. दाराशी शेरा वाचला, बापाला दौलूच्या खाटेवर ठेवलं.

मी कुबड्या टेकत त्याच्यापाशी गेलो. "दादा, तो शेरा माझ्या थापेचा हाय. तुमच्या आबांना घरी न्या. न्यायचं नसलं तर दर पंधरवड्याला या, आणि फरशी बघू नका. सदरा वर करून पाठ बघा."

तो हसला. "मॅनेजर म्हणलंच, हवालदार लय गमतीदार हाय." बापाच्या पाया पडून गेला.

म्हणून हे लिहिलं. बोललेलं हसण्यावारी गेलं, लिहिलेलं तरी जाऊ नये. दौलूच्या खाटेवरच्या या आबांना अजून इथलं काही ठाऊक नाही. ते चादरीला बरी म्हणतात. दर दोन तासांनी मी त्यांना वळवतो आणि पाठ बघतो. अजून कोरी आहे. ती तशीच राहील हे बघायचं काम माझं, कारण त्यांना इथं मी आणलंय.